इच्छाशक्ती आणि डिफॉल्ट सेटिंग

'तोंडावर ताबा ठेव' हा सल्ला जाड माणसाला आयुष्यभर फुकट मिळतो. त्यात एक निकाल दडलेला असतो: वजन वाढलं, म्हणजे दोष तुझा.

मला हा निकाल हिशोबातच बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात जादा वजनाच्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुष १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. इतक्या थोड्या वर्षांत माणसांची जनुकं बदलत नाहीत. मग कोट्यवधी लोक एकदम आळशी झाले म्हणायचं का?

मी सॉफ्टवेअर लिहितो. बहुतेक लोक डिफॉल्ट सेटिंग बदलत नाहीत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर नोटिफिकेशन आधीच चालू करून ठेवलेली असतात. ती बंद करायची मुभा तुम्हाला असते, पण खरा निर्णय आम्ही घेऊन टाकलेला असतो. बाटलीत साखर किती, पाकीट केवढं, शाळेजवळ काय मिळतं, याही डिफॉल्ट सेटिंगच. त्या ठरवणारा कुणीतरी असतो.

ब्रिटनने नेमकं त्यालाच गाठलं. २०१८ पासून तिथे १०० मिलीलिटरमागे ५ ग्रॅम किंवा जास्त साखर घातलेल्या थंड पेयांवर उत्पादकाला कर द्यावा लागतो, ८ ग्रॅमपासून पुढे आणखी जास्त. घोषणा दोन वर्षं आधी झाली होती. कर लागू व्हायच्या आतच अनेक कंपन्यांनी साखर कमी केली. पिणाऱ्यांची इच्छाशक्ती होती तेवढीच राहिली.

केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला. टपरीवरचा तळलेला वडा सुटला. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि हा कर गेला. ब्रिटनने साखर मोजली, केरळने दुकानाची पाटी पाहिली.

'सरकारने माझ्या ताटात का डोकवावं?' हा प्रश्न रास्त आहे. पण ताटात कंपनी आधीच डोकावून गेलेली असते, तेव्हा आपण स्वातंत्र्याची आठवण काढत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये कमी गोड पेयात वरून साखर घालून प्यायला कुणाची मनाई नाही.

जिना चढायचा की लिफ्ट घ्यायची, हे माझं मी ठरवावं, हे मान्यच. पण ज्याच्या हातात जेवढी सत्ता, तेवढी त्याची जबाबदारी. एका माणसाच्या हातात एक ताट असतं, कारखान्याच्या हातात लाखो. आणि टोमणे मात्र त्या एकट्यालाच.