पानांचा मुगूट
(१ करिंथ. ९:२५)

अमेरिकेंतील फुटबॉल आपल्याकडील खेळाहून निराळा. त्यांत चेंडू बहुधा हातीं धरून पळतात. क्वार्टरबॅक म्हणजे त्यांतील चेंडू फेंकणारा पुढारी. टॉम ब्रेडी हा असा गडी. २००० सालच्या निवडींत तो १९९ वा होता. २०२३ सालीं निवृत्त झाला तेव्हां सात विजेतेपदें त्याच्या पदरीं होतीं. परंतु तीन मिळाल्यावरच, २००५ सालच्या एका मुलाखतींत, याहून अधिक कांहीं असलें पाहिजे असें तो बोलून गेला. तें काय, हें मात्र त्यास सांगतां येईना.

करिंथाजवळच्या शर्यतींत जिंकणाऱ्यास पानांचा मुगूट मिळे. पौलाच्या वाचकांस तो सुकतो हें सांगावें लागत नसे.

आम्ही ब्रेडीस हंसत नाहीं. आम्हां उपदेशकांपैकीं कित्येक अहवाल हातीं येतांच आपल्या मंडळीच्या बाप्तिस्म्यांचा आंकडा शोधितात, आणि शेजारच्या गांवचा मोठा दिसला म्हणजे त्या रात्रीं प्रार्थना जड जाते. बाप्तिस्मा पानांचा नव्हे. आमची गणती पानांची. निरक्षर म्हातारी आजाऱ्याच्या दारीं रोज पाण्याचा हंडा ठेविते. तिचें नांव कोणत्याही अहवालांत नाहीं. येत्या रविवारीं तिच्याजवळ बसावें, इतकी शांति कोठून आली हें विचारावें, आणि ती सांगेल तें ऐकून घ्यावें.