तीच जीप: अवयव, अवयवी आणि गंज

गंजलेली जुनी जीप घराच्या अंगणात पूर्ण उघडून पुन्हा उभी केली, तर जे उभे राहते ते मूळचेच वाहन असते की त्याच नावाचे दुसरे? हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला नवा नाही. रथ, घडा, वस्त्र आणि दिव्याची ज्योत ही उदाहरणे घेऊन त्यावर दोन हजार वर्षे वाद झाले आहेत. जीप हे त्या मालिकेतले उशिराचे, पण फार सोयीचे उदाहरण आहे. ती शेवटच्या बोल्टापर्यंत सुटी करता येते, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग भंगारबाजारात निराळा मिळतो.

मुळात ती जन्मालाच सुट्या रूपात आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी एकाच आराखड्याच्या सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. रणांगणावर मात्र या खुणेला काही अर्थ उरला नाही. एका कंपनीचे भाग दुसरीच्या गाडीला सहज बसत, आणि सैन्याच्या कारखान्यांत ते बसवलेही गेले. १९४७ मध्ये महिंद्राने विलीजच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग मागवले आणि मुंबईत जीपची जोडणी सुरू झाली. १९५४ पासून उंच बॉनेटच्या सीजे-३बी या जीपचे उत्पादन हाती घेण्यात आले. महाराष्ट्राच्या गावागावांत पडवीत, गोठ्याशेजारी किंवा आंब्याखाली सडत उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या बहुतेक याच कुळातल्या. महिंद्राने मागवलेल्या सुट्या भागांच्या पेट्यांत जीप होती की नव्हती, हे सांगता आले तर पुढचा निम्मा वाद मिटतो.

गंज हा या प्रश्नातला दुसरा पक्ष आहे. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही एकाच वेळी मिळाले की त्याचे ऑक्साइड होते. खारी हवा असेल तर हे काम वेगाने होते, म्हणून कोकणातली गाडी देशावरच्या गाडीच्या आधी सडते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा उघडा पाडतो. जीपमध्ये त्याच्या ठरलेल्या जागा आहेत: पाय ठेवण्याचा तळपत्रा, चाकांवरच्या कमानी, बॉडी जिथे चॅसीवर टेकते ते आधार, आणि चिखल साचून राहणारे चॅनेल. वरून रंग शाबूत दिसतो. हातोडीने ठोकून पाहिले की चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार जातो.

यातली एक बाब तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गंज बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. तो त्या लोखंडाचाच पुढचा पर्याय आहे. खनिजातून भट्टीत ओढून काढलेले लोखंड परत खनिजासारखे होते आहे. वायर ब्रशने तो काढला जातो तेव्हा मूळ जीपचाच काही अंश मातीत पडतो. ‘फक्त गंज काढला, गाडी तशीच ठेवली’ हे वाक्य म्हणूनच पूर्ण खरे नसते.

रथाचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आला असे म्हणतो, तेव्हा नागसेन एकेका भागाबद्दल विचारतो: दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? प्रत्येक उत्तर नकारार्थी येते. भागांच्या बाहेर, निराळा असा रथही सापडत नाही. मग रथ हे त्या भागांच्या आधारे चालणारे व्यवहाराचे नाव ठरते. कठोपनिषदातही रथ आहे, पण तिथे आत्मा हा रथाचा स्वामी आहे, बुद्धी सारथी आणि मन लगाम. नागसेनाच्या रथात बसणारा असा कोणी नाही, हाच त्याचा मुद्दा आहे. अंगणात चॅसी एका बाजूला, इंजिन दुसऱ्या बाजूला, नट-बोल्ट डब्यांत आणि दरवाजाविना बॉडी विटांवर टेकलेली, असे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला नागसेनाचा मुद्दा पटवावा लागत नाही. तिथे बोट दाखवून ‘ही जीप’ म्हणावे असे काहीच नसते.

न्यायदर्शनाने या मताला दिलेले उत्तर अधिक कसदार आहे. नैयायिकांच्या मते अवयव एकत्र आले की त्यांच्याहून भिन्न असा एक अवयवी उत्पन्न होतो आणि तो अवयवांत समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहतो. न्यायसूत्रांत यासाठी दिलेल्या युक्तींपैकी एक धारण आणि आकर्षण यांची आहे: वस्तूचा एक भाग धरला तर सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला तर सगळी ओढली जाते. वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. बंद पडलेल्या जीपच्या पुढच्या हुकाला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढले की मागचा बंपरही निघतो, हा त्याच युक्तीचा आजचा दाखला. अंगणात पसरलेल्या भागांपैकी एकाला दोर बांधून हा प्रयोग साधत नाही. जोडणी झालेली गाडी आणि तिच्या भागांची रास यांत खरा फरक आहे, तो नुसता नावाचा नाही, हे नैयायिकांनी नेमके ओळखले.

पण या भूमिकेची किंमत जबर आहे. अवयवी अवयवांवर अवलंबून असेल, तर एक अवयव गेला की तो अवयवीही गेला. वस्त्रातून काही धागे काढले तर जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न झाले, असे नैयायिक मानतात, आणि असे म्हणायला ते कचरत नाहीत. ‘हे तेच वस्त्र’ ही प्रत्यभिज्ञा तिथे सजातीयपणामुळे होते, जशी क्षणाक्षणाला नवी होणारी ज्योत पाहून ‘तीच ज्योत’ वाटते. हा नियम काटेकोरपणे लावला तर किंगपिन बदलताना एक जीप मरते आणि दुसरी जन्मते; पाट्याचे बुश बदलताना तिसरी. युक्तिवादात चूक दाखवणे कठीण आहे. तरीही तो मान्य करवत नाही, कारण मग दुरुस्ती हा शब्दच निरर्थक होतो. दुरुस्त करायचे ते काहीतरी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर टिकून असावे लागते.

ग्रीक परंपरेत हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या नावाने ओळखला जातो. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्याला एक जोड दिली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? जीपच्या बाबतीत ही नुसती कल्पना उरत नाही. काढून टाकलेले इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉनेट भंगारवाल्याकडून विकत घेऊन दुसरा कोणी त्यांची गाडी उभी करू शकतो.

या सगळ्यात जैन दर्शनाची मांडणी जीपला सर्वांत नीट लागू पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी युक्त असलेले, असे लक्षण आहे. उत्पत्ती, नाश आणि टिकणे ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी चालतात. समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्याचे उदाहरण दिले आहे. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला, तेव्हा घडा हवा असलेल्याला दुःख होते, मुकुट हवा असलेल्याला आनंद होतो, आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहतो. तिघांच्या भावनांना वस्तूतच आधार आहे. जुन्या जीपभोवतीही हे तिघे असतात. आजोबांच्या हाताचा घट्टा ज्या स्टिअरिंगवर उमटला होता ते स्टिअरिंग बदलले म्हणून घरातल्या कोणाला वाईट वाटते. गाडी पुन्हा घाट चढेल म्हणून दुसऱ्या कोणाला आनंद होतो. भंगारवाला किलोचा भाव सांगतो, त्याच्या लेखी लोखंड होते तेवढेच आहे. तिघांपैकी कोणीही चुकत नाही, आणि म्हणूनच ‘तीच की दुसरी’ याला एका शब्दाचे उत्तर मागणे चुकीचे आहे.

धर्मशास्त्राने हा पेच कल्पनेत न ठेवता विधीत सोडवला. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. झिजलेली किंवा भंगलेली मूर्ती बदलताना आधी देवतेचे सान्निध्य मूर्तीतून काढून घ्यायचे, जुन्या मूर्तीचे विसर्जन करायचे, मग नवीची प्रतिष्ठा करायची, असा क्रम परंपरेत आहे. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी, जो अलीकडे २०१५ मध्ये झाला, याच विचारावर उभा आहे: कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडतात, जुन्यांतला ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवला जातो आणि जुन्या मूर्ती पुरल्या जातात. लाकूड सगळे बदलते, देव तोच राहतो. महाराष्ट्रात याच्या उलट दिशेचे उदाहरण आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर साठलेला शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये उतरवला गेला आणि आतले कोरीव रूप दिसू लागले. एका ठिकाणी सातत्य संक्रमणाने राखले गेले, दुसऱ्या ठिकाणी थर उतरवून.

यंत्राला प्राणप्रतिष्ठा नसते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला झेंडूची माळ जीपला आणि पान्यांनाही घातली जाते. ती कृतज्ञता असते, त्या पूजेने यंत्रात देव वसतो असा दावा कोणी करत नाही. ब्रह्मपदार्थाची जागा कायद्यात चॅसी क्रमांकाने घेतली आहे. इंजिन बदलले तरी परवानगी घेऊन नोंद करता येते; क्रमांक मात्र दुसऱ्या सांगाड्यावर चढवला तर तो गुन्हा ठरतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटर वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेले वाहन तिच्यात बसते, आणि त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. असे वाहन रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शने, रॅली आणि तत्सम कामांपुरतेच ते रस्त्यावर येते.

या व्याख्येने वारसा जपला जातो, पण एक गोष्ट हातची जाते. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली, आणि त्या पुढे अनेक वर्षे खडीच्या रस्त्यांवर माणसे व माल वाहत राहिल्या. काम करत राहणे हेच जीपचे जीपपण असेल, तर इंजिन बदललेली ती गाडी काचेमागे उभ्या असलेल्या गाडीपेक्षा कमी अस्सल ठरत नाही. रूप टिकले आणि प्रयोजन गेले, हेही एक प्रकारचे नष्ट होणेच आहे.

दुरुस्ती करणाऱ्यासमोर हा प्रश्न रोज एका लहान निर्णयाच्या रूपात येतो. छिद्र पडलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, किंवा जाळी लावून वर पुट्टी भरता येते. पुट्टी घासून रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात, पहिल्या दोन पावसाळ्यांपर्यंत. पुट्टीखाली ओल राहते, गंज आतून चालू राहतो आणि गाडी पाहणाऱ्याला खोटे सांगत राहते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने इमारतींसाठी घातलेला नियम इथे उपयोगी आहे: नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण नवा म्हणून ओळखता यावा. जॉन रस्किनने तर १८४९ मध्येच असे बजावले होते की पुनःस्थापना म्हणजे वस्तूचा संपूर्ण नाश. त्याचे म्हणणे टोकाचे आहे; डोंगरात पाच दशके धावलेल्या गाडीला ते लागू केले तर ती फक्त अंगणात विरघळत राहील. पण नव्याला जुने म्हणून खपवण्याबद्दलचा त्याचा राग योग्य होता.

म्हणून जुनी जीप उभी करताना जो भाग वाचतो तो वाचवावा, जो वाचत नाही तो बदलावा, आणि कोणता भाग कधी व कशाने बदलला हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. वेल्डिंग करण्याआधी कुजलेल्या तळपत्र्याचे छायाचित्र घ्यावे. बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा एक चौकोन न घासता तसाच सोडावा.