जुनेराचा पीतांबर

शाळेच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. उद्या आषाढीची दिंडी. मुलांना वारकरी, संत किंवा विठ्ठल-रखुमाईच्या वेशात पाठवावे. आषाढ लागला की असा निरोप महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत येऊन धडकतो आणि पुढचं दृश्यही थोड्याफार फरकाने तेच असतं. ऑफिसातून येऊन कुकर लावलेली आई कपाट उघडून उभी राहते. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानातले विठोबा केव्हाच संपलेले. मग हात जातो तो तळाच्या बोचक्याकडे, जुनेराकडे.

नेसायला आता नको वाटतं, पण टाकवतही नाही, असं वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं म्हणजे जुनेर. असंच एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलगा पाच वर्षांचा, विठोबा व्हायचं ठरलेलं. बोचक्यातून हळदी रंगाची इरकल निघते. खालचा काठ विरलेला, पदर मात्र धड. आई मनात कापड बेतते. मधल्या धड भागाचा पीतांबर, पदराचा शेला, वरचा काठ उसवून पुठ्ठ्याच्या मुकुटाला. पाच वर्षांच्या देवाच्या कमरेवर धोतर पाच मिनिटंही टिकत नाही, म्हणून निऱ्या आधीच दापून वर नेफा आणि नेफ्यात इलॅस्टिक. रात्री साडेदहाला मशीन सुरू होतं आणि आवाजाने आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर येतात.

"अगं, नेसलेल्या लुगड्याचा देवाला पीतांबर?"

"देवाला कुठे आई, पोराला."

"वेश कुणाचा आहे मग?"

सुनेचा पाय पायट्यावर थांबतो. सासूबाईंनी नेहमीची कुरकुर केली असं वाटेल, पण त्यांच्या दोन ओळींत धर्मविचारातले दोन जुने, न सुटलेले प्रश्न आहेत. वापरलेलं, कापलेलं, जोडलेलं वस्त्र पवित्र असू शकतं का? आणि सोंग घेतलं की ते कापड कुणाचं होतं, घालणाऱ्याचं की ज्याचं सोंग घेतलं त्याचं?

पहिल्या प्रश्नावर सोवळ्याचं उत्तर स्पष्ट आहे. पूजेला बसणारा धोतर नेसतो, उपरणं घेतो, रेशमी कद असेल तर उत्तमच. सदरा मात्र खुंटीला राहतो. सुई टोचली की कापड खंडित झालं, आणि खंडित ते देवापुढे चालत नाही. हा विचार आपल्याकडेच आहे असंही नाही. हजला जाणारा मुसलमान पुरुष इहराम बांधतो तो दोन न शिवलेल्या कापडांचा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला क्रुसावर चढवणारे शिपाई त्याचे बाकीचे कपडे वाटून घेतात, पण अंगरखा वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला, त्याला शिवण नाही. तो फाडायचा कसा म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकतात. तीन दूरदूरचे धर्म, आणि तिन्ही ठिकाणी बिनशिवणीच्या कापडाचा मान मोठा.

गंमत अशी की भक्ताला वर्ज्य असलेली शिवण देवाला चालते. पंढरपूरच्या विठोबाच्या पोशाखात अंगरखा असतो, आणि अंगरखा म्हटला की बाह्या आल्या, बंद आले, टीप आली. शिवाय त्याचा लाडका नामदेव जातीने शिंपी. शीख पंथाच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई, दोरा हे सगळं दुकानच भक्तीच्या कामाला लावलेलं आहे. वेगळं, सोवळ्यातलं हत्यार त्यांना शोधावं लागलं नाही.

पण शिवण चालवून घेणं वेगळं आणि ठिगळाचीच पूजा करणं वेगळं. ते धाडस बौद्धांनी केलं. विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथातली हकीकत आहे. मगधातली बांध घातलेली, चौकोनाचौकोनांची शेतं पाहून बुद्ध आनंद या आपल्या शिष्याला म्हणाले, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने तुकडे बेतले, जोडले, चीवर तयार झालं. आजही भिक्षूला नव्या ठाणातलं कोरं कापड मिळालं तरी ते आधी कापायचं आणि मग जोडायचं. सोवळ्याच्या पार उलटा हा कारभार: अखंड आहे म्हणून अयोग्य, तुकड्यांचं आहे म्हणून योग्य. त्यामागे व्यवहारही होता. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत नाही, त्यामुळे चोराचा डोळा त्यावर जात नाही.

घर सोडणाऱ्या भिक्षूजवळ असायच्या आठ वस्तूंत तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं आणि सुई येते. सगळं सोडलं, सुई नाही सोडली. वर्षावासानंतरच्या कठिन चीवराचा नियम तर कुठल्याही आईला ओळखीचा वाटेल. ते कापड त्याच दिवसात बेतून, शिवून, रंगवून पुरं व्हावं लागतं, दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडायच्या आत. सगळा संघ मदतीला बसतो. इथे मदतीला कोणी नाही, एवढाच फरक. नवरा मुकुटाचा पुठ्ठा कापून झोपायला गेला आहे.

चिनी भाषेत टिकून राहिलेल्या बौद्ध आगमांत अनिरुद्ध या भिक्षूची गोष्ट आहे. त्याची दृष्टी गेलेली. चीवर शिवायला बसला, पण सुईत दोरा जाईना. तो आपल्याशीच म्हणाला, पुण्य हवं असलेल्या कुणीतरी मला हा दोरा ओवून द्यावा. पुढे झालेला हात बुद्धाचा होता. तुम्हाला आता पुण्याची काय गरज, असं अनिरुद्धाने संकोचून विचारलं, तर उत्तर आलं की जगात माझ्याइतकी पुण्याची ओढ कुणालाच नाही.

आणि जुनेराचं काय करायचं, याचंही उत्तर आनंदाकडे आहे. कौशांबीत उदयन राजाच्या राण्यांनी त्याला 500 वस्त्रं दिली. राजाला संशय आला, हा संन्यासी कापडाचं दुकान मांडणार की काय. त्याने खोदून विचारलं. नवी वस्त्रं विरलेल्या चीवरांच्या भिक्षूंना वाटू. मग जुन्या चीवरांचं? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीचे अभ्रे. अभ्र्यांचं? जमिनीवरची बैठक. तिचं? पायपुसणी. त्यांचं? धूळ झाडायची फडकी. आणि फडकी विरली की कुटून, चिखलात मिसळून जमीन सारवू. राजाने खूश होऊन आणखी 500 वस्त्रं दिली. अपसायकलिंग या शब्दाचं आज केवढं कौतुक चाललंय. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे सवालजवाब वाचल्यावर त्या कौतुकाला जरा ओशाळवाणं वाटावं. आनंदाचा हा क्रम मराठी घराला शिकवावा लागला नाही. लुगड्याचं दुपटं, दुपट्याचं लंगोट, धडाची गोधडी, गोधडीची पायपुसणी. राहिलं ते बोहारणीशी घासाघीस करून पातेल्याच्या बदल्यात.

इथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 22वा श्लोक आठवणं अपरिहार्य आहे. माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा आत्मा देह बदलतो, हा दृष्टान्त पाठ नसलेलं घर विरळा. दृष्टान्त आत्म्याचा आहे, कपड्यांचा नाही, हे कबूल. तरीही शिवणाऱ्या बाईला तो जरासा अडतो. टाकून दिलेल्या वस्त्राचं पुढे काय झालं? तिच्या घरात जीर्ण वस्त्र टाकलं जात नाही, ते दुसरं काहीतरी होतं. आत्मा नवा देह घेऊन पुढे निघून जातो आणि मागे राहिलेलं कापड तिच्या हातात येतं. तान्ह्याला पहिलं झबलं पणजोबांच्या जुन्या धोतराचं घालायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. ते मऊ असतं हे खरं कारण. आयुष्य लागावं हे त्याला जोडलेलं. त्या धोतरात पणजोबांचं काय उतरतं याचं उत्तर वेदान्ती वेगळं देईल, बौद्ध वेगळं देईल. झबलं शिवणारी तो वाद संपेपर्यंत थांबत नाही.

ठिगळाचं भूषण व्हायला मात्र वेळ लागत नाही. अकराव्या शतकातले सूफी हुजविरी, ज्यांचा दर्गा लाहोरला आहे, त्यांच्या 'कश्फुल महजूब' या ग्रंथात ठिगळांच्या कफनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. टाके सरळ हवेत की वेडेवाकडे, यावरही सूफींत मतं होती! नुसती कफनी घालून कुणी सूफी होत नाही, हेही त्यांना बजावून सांगावं लागलं. मुद्दाम फाडलेल्या जीन्सला चढे दाम मोजणाऱ्या काळाला यातलं काही नवं वाटू नये. आपल्याकडे गाडगेबाबांनी (1876–1956) चिंध्यांचा वेश आयुष्यभर वागवला, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. पण त्यांच्या हातात खराटा होता, त्यामुळे त्या चिंध्यांची कधी फॅशन झाली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. भिक्षूचं ठिगळ वैराग्य ठरतं, फकिराचं ठिगळ तप ठरतं, आणि बाईने लावलेलं ठिगळ काटकसर. कृती तीच, टाकाही तोच. ग्रंथांनी पहिल्या दोघांची नावं जपून ठेवली. गोधड्यांवर नाव घालायची पद्धत नव्हती.

आता सासूबाईंचा दुसरा प्रश्न, वेश कुणाचा. तो सुनेला वाटतो तितका साधा नाही. कोकणातल्या दशावतारात आरंभी गणपतीचं सोंग येतं, त्याची पूजा होते आणि समोर बसलेली माणसं खरोखर हात जोडतात. आत एरवी भातलावणी करणारा कुणीतरी आहे हे गावाला ठाऊक असतं. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम-सीता होणाऱ्या मुलांना स्वरूप म्हणतात. डोक्यावर मुकुट चढला की त्यांची आरती होते, थोर माणसं त्यांच्या पाया पडतात. मुकुट उतरला की पुन्हा पोरं. म्हणजे वेश हे नुसतं कापड आहे, ही सुनेची भूमिका परंपरेला मान्य नाही. पण सासूबाईंचीही पुरती जीत होत नाही. स्वरूपाच्या पायावर डोकं ठेवणारा त्याच्या अंगावरचं कापड पूर्वी कुणी नेसलं होतं का, असं विचारत नाही. शबरीच्या बोरांनी आणि तमिळ देशातल्या आंडाळने आधी स्वतः माळून मग विष्णूला दिलेल्या हारांनी उष्टेपणाचा मुद्दा केव्हाच निकालात काढला आहे.

आणि शेवटी पंढरपुरातच पुरावा आहे. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त जनाबाईची कथा आहे. रात्री देव जनीच्या झोपडीत आला, तिच्याबरोबर दळू लागला. पहाट झाली, काकड आरतीची वेळ टळायला आली, तसा तो घाईने उठला आणि आपलं पदक तिथेच विसरून, जनीची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. वाकळ म्हणजे जुनेराचे थर, आत चिंध्या, वरून धावदोरा. पुढची सगळी कथा हरवलेल्या पदकाची, जनीवर आलेल्या चोरीच्या आळाची आणि पाणी होऊन गेलेल्या सुळाची आहे. वाकळीचं पुढे काय झालं, देवाने ती परत केली की ठेवून घेतली, याची चौकशी कीर्तनात कुणी करत नाही.

सुनेने ही कथा पुढे केली तेव्हा सासूबाई हसल्या. ती तिला त्यांनीच सांगितलेली होती. मागे हटायची त्यांची तयारी नव्हती, पण तोडगा त्यांच्याकडे होता. "निदान पाण्यातून तरी काढून घे."

रात्री अकराला, आषाढातल्या पावसात, पीतांबर पाण्यातून निघाला. खुर्चीच्या पाठीवर टाकून वर पंखा पाचवर. राहिलेली ओल सकाळी इस्त्रीने जाईल. शेल्याला तुरपाई राहिली होती, ती सासूबाईंनी मांडीवर ओढून घेतली. चष्मा लावून त्यांनी तीनदा दोरा चाटला, तीनदा तो सुईच्या बाजूने निसटला. झोप उडालेला नातू पुठ्ठ्याचा मुकुट काढायला तयार नव्हता. त्यांनी सुई त्याच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "घे रे, ओवून दे जरा."