राखीव गोलरक्षक
(मत्तय २५:१-१३)



आपल्या सुरतेहून पूर्वी गलबते मस्कतला जात. त्याच ओमान देशाचा गोलरक्षक अली अल-हब्सी. आधी अग्निशामक दलात नोकरी, मग नॉर्वेतील संघ, आणि २००६ साली इंग्लंडमधील बोल्टन. तेथे फिनलंडचे यास्केलाइनेन गोल राखीत होते. अलीला पहिल्या सामन्यासाठी सप्टेंबर २००७ पर्यंत थांबावे लागले. बाकावर बसलेल्याने सराव कशासाठी करावा? त्याने केला. २०१० मध्ये विगन संघाने त्यास घेतले, आणि त्या हंगामात संघाचा उत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

तो मुसलमान आहे. असो; प्रभूनेही परक्या शताधिपतीची वाखाणणी केली होती.

दहा कुमारींच्या दाखल्यात डुलकी दहाही जणींना लागली, हे आपण विसरतो. उणीव झोपेमुळे नव्हती, तेलाची होती. आणि मध्यरात्री ते उसने मिळाले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षका, पावसात दोनच मुले येतील म्हणून शनिवारी रात्री तू धडा उघडलाच नाहीस. आणि रविवारी त्या दोघांतील एकाने हळूच विचारले, “सर, माझी आई वारली, ती आता कोठे असेल?”