जपणारे प्रेम, कोंडणारे प्रेम

पुढचे पुस्तक कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर आवडीचा वाटतो. मुळात तो विवेकाचा आहे. आपल्या घरांतील तरुण वाचक इंग्रजी अद्भुतरम्य प्रेमकथांविषयी हा प्रश्न एकमेकांना विचारतात, तेव्हा दोन नावे हमखास पुढे येतात: सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) आणि रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ (२०२३). परीलोक, ड्रॅगन आणि जादूटोणा पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतात. आम्हांस मात्र अद्भुताचे भय वाटत नाही. मराठी कादंबरीचे बालपणही ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथांच्या सोबतीने गेले. आमचा प्रश्न निराळा आहे: या कथांतील प्रेम प्रिय व्यक्तीला मोकळे करते की कोंडते?

मास यांच्या कथेत शिकार करून घर पोसणारी एक गरीब मुलगी परीलोकात नेली जाते आणि तेथील सरदार टॅमलिन याच्यावर तिचे मन जडते. पहिल्या खंडात त्याचे तिला जपणे गोड वाटते. परंतु २०१६ सालच्या दुसऱ्या खंडात तोच टॅमलिन तिच्या जिवाच्या काळजीने तिला वाड्यात कोंडतो. तिचा जीव गुदमरतो आणि ती त्याला सोडून जाते. लेखिकेने उत्तर दिले आहे. पण पहिल्या खंडाशीच थांबणाऱ्याला ते भेटत नाही.

‘फोर्थ विंग’मधील व्हायोलेट देहाने नाजूक आहे. सेनापती असलेल्या आईच्या हुकमाने ती ड्रॅगनस्वारांच्या जीवघेण्या विद्यालयात येते. बालमित्र डेन तिला सुरक्षित जागी निघून जाण्याचा आग्रह धरतो. झेडन तिला लढावयास शिकवतो. मात्र झेडनही तिच्यापासून एक मोठे सत्य लपवून ठेवतो. बळ द्यावयाचे आणि सत्य द्यावयाचे नाही, हेही अपुरेच प्रेम. एकाच खंडात हा सारा पेच समोर येतो. म्हणून एकच पुस्तक वाचावयाचे असेल, तर आम्ही ‘फोर्थ विंग’ सुचवू. मास यांची वाट धरणाऱ्याने दुसऱ्या खंडापर्यंत अवश्य जावे. दोन्ही पुस्तकांत शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत, म्हणून ती प्रौढांसाठीच होत.

यांच्याही आधी टॉल्कीन यांनी लूथियनची कथा रचली. प्रियकराच्या मदतीला संकटात धावू पाहणाऱ्या लूथियनला तिचा पिता उंच झाडावरील घरात अडकवून ठेवतो, आणि ती स्वतःच्या केसांचा दोर विणून निसटते. १९७१ साली निवर्तलेल्या आपल्या पत्नीच्या थडग्यावर टॉल्कीन यांनी हेच नाव कोरविले.

तो पिता दुष्ट नव्हता. त्याचे लेकीवर प्रेमच होते. येथे आम्हां वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे. लहानग्यांच्या हातून अकाली पुस्तक काढून घेणे हे कर्तव्य आहे. परंतु जाणत्या लेकीचे कपाट कुलूपबंद करून आपण तिला जपतो, की टॅमलिनचाच कित्ता गिरवतो? त्यापेक्षा तेच पुस्तक आपणही वाचावे आणि तिला विचारावे, “बाळ, यांतील कोणाचे प्रेम तुला खरे वाटले?” कुलपाला उत्तर देता येत नाही, लेक देईल, आणि ते ऐकण्याजोगे असेल.