उंबरठ्यावरचे माप

नवी सून उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून घरात येते, तेव्हा 'तू इथे कोणाच्या परवानगीने राहणार?' असे तिला कोणी विचारत नाही. लग्न झाले, घर तिचे झाले. पुढे त्या घरात तिला सुख लाभेल की नाही हा प्रश्न निराळा. पण राहण्याचा हक्क त्या सांडलेल्या तांदळाबरोबरच तिच्या पदरात पडतो, अशी आपली समजूत. हे दृश्य लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले, की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटलेच नाही. तो विचार करायला लावला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या पत्राने.

पुण्याला शिकायला आलेल्या एका डॅनिश तरुणाशी तिने २०१४ साली लग्न केले. तेव्हा ती २३ वर्षांची होती. बिऱ्हाड मात्र मांडले स्वीडनमधल्या माल्मो गावी. 'बाई,' ती लिहिते, 'आभाळ निवळले की समुद्रापलीकडे कोपनहेगन दिसते. माझे सासर मला लांबूनच पाहायला मिळते.'

असे का व्हावे? डेन्मार्कने २००२ साली नियम केला, की परदेशी जोडीदाराला देशात आणायचे तर नवराबायको दोघांचीही वयाची २४ वर्षे पुरी झालेली हवीत. शिवाय आणखी अटी होत्याच. उलट, युरोपीय संघाचा २००४ सालचा निर्देश सांगतो, की संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य-देशात जाऊन नोकरीधंदा करू लागला, किंवा पुरेसा पैसा आणि आजारपणाचा विमा जवळ बाळगून राहू लागला, तर त्याच्या जोडीदारालाही तिथे राहता येते. मग तो जोडीदार जगाच्या पाठीवरच्या कोणत्याही देशाचा असो. त्याला रहिवासपत्र मिळते, नोकरी करता येते, आणि सलग पाच वर्षे कायदेशीरपणे राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. पण हा निर्देश आपल्याच देशात राहणाऱ्या नागरिकाला लागू नाही! २००० साली डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल खुला झाला होता. कितीतरी डॅनिश तरुण परदेशी जोडीदाराचा हात धरून तो पूल ओलांडून गेले. शेजाऱ्याच्या दारात हक्क आणि स्वतःच्या दारात विनवणी, असा हा उफराटा न्याय.

मला प्रथम हसू आले. मग ते आवरले. सक्तीच्या लग्नांना आळा घालावा म्हणून आपण हा नियम केला, असे डेन्मार्कचे म्हणणे आहे. मुलीच्या मनाविरुद्ध तिला बोहल्यावर उभी करणाऱ्यांच्या देशात राहून ती भीती खोटी आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? कागदावरची लग्ने लावून देशात शिरणारेही असतात, आणि अशा लग्नांना हक्क नाकारण्याची मुभा त्या निर्देशातही आहे. घरधन्याने दाराला कडी लावू नये, असे कोण म्हणेल? पण ती कडी चोराबरोबर लेकालाही बाहेर ठेवू लागली, तर घर कशासाठी बांधले हे घरधन्याने स्वतःला विचारायला हवे.

या प्रश्नाला एक उत्तर मिळाले ते एका भारतीय माणसाच्या खटल्यात. सुरिंदर सिंग यांचे १९८२ साली इंग्लंडमध्ये एका ब्रिटिश नागरिक स्त्रीशी लग्न झाले. १९८३ ते १९८५ या काळात दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग धंदा करण्यासाठी ती इंग्लंडला परतली. पुढे संसार मोडला आणि सिंग यांना देशाबाहेर घालवण्याचे घाटले. ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की परत येताना जोडीदाराला सोबत आणता येणार नसेल, तर नागरिक घराबाहेर पाऊल टाकायलाच कचरेल. म्हणजे पत्नीला अडवले की पतीलाच अडवल्यासारखे होते. आणि पतीला अडवले की पत्नीला. कायद्याच्या रुक्ष भाषेत इतके शहाणे बोलणे क्वचितच ऐकू येते.

पण या शहाणपणाच्या पोटातच एक उणेपण आहे. हक्क मूळचा नागरिकाचा. जोडीदार त्याच्या सावलीत उभा. उसन्या हक्कावर राहणाऱ्या माणसाला भांडतानाही आवाज जपून काढावा लागतो. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून जावे, तर देशही सोडावा लागेल ही धास्ती असते. त्या निर्देशाला याची जाण आहे. लग्नाला तीन वर्षे झाली असून त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर घटस्फोटानंतरही काही अटींवर राहता येते. घरात छळ झाला असेल तर त्याआधीही.

इथे मला माझी पहिली समजूत तपासावी लागली. आपल्या सुनेचा हक्क तरी तिचा स्वतःचा कुठे होता? किती परित्यक्ता नेसत्या वस्त्रानिशी त्याच उंबरठ्याबाहेर निघाल्या! नवऱ्याच्या घरात राहण्याचा पत्नीचा हक्क आपल्या कायद्याने स्पष्ट शब्दांत मांडला, तो २००५ साली. सांडलेल्या तांदळाने जो हक्क दिला असे मी समजत होते, तोही सावलीतलाच होता.

म्हणून मला वाटते, की त्या निर्देशात राहण्याच्या परवान्याहूनही मोठी गोष्ट आहे ती काम करण्याच्या मोकळिकीची. राहू देणे ही मेहरबानी वाटू शकते. स्वतःच्या कष्टाची भाकरी मेहरबानीची नसते. ज्याच्या हाताला काम आहे, तो सावलीतून एक पाऊल तरी उन्हात येतो. प्रेमासाठी थांबणे आणि पोटासाठी थांबणे यांत फरक आहे, आणि तो फरक जिथे पुसला जातो, तिथे लग्नातला प्रामाणिकपणाही पुसला जातो.

माझी विद्यार्थिनी आता तिथल्या एका बालवाडीत काम करते. कायम वास्तव्याचा कागद हाती आला त्या दिवशी तिने एका वाटीत तांदूळ घेतले, दारात ठेवले आणि नवरा पाहत असताना पायाने लवंडले. 'बाई,' तिने लिहिले आहे, 'लग्नाच्या वेळी सगळ्यांनी सांगितले म्हणून माप ओलांडले होते. या खेपेला कोणी सांगितले नव्हते.'