अस्तरातला कागद

आईचं ऑपरेशन चालू असताना मी, पक्का नास्तिक, गुपचूप नवस बोललो. जाणार काय होतं? एक नारळ.

सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलची पैजही अशीच: देव असला तर अनंत लाभ, नसला तर किरकोळ तोटा. पण नवसात काम झाल्यावर पैसे. पास्कल अख्खं आयुष्य आगाऊ मागतो. आणि हिशेब पटला म्हणून विश्वास बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचा उपाय: श्रद्धावंतांसारखं वागत राहा, हळूहळू बसेल. (मला ही स्वतःचीच फसवणूक वाटते.)

त्याची श्रद्धा मात्र पैजेतून आली नव्हती. २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्रीचा अनुभव त्याने कागदावर लिहिला. १६६२मध्ये तो गेल्यावर तो कागद कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. त्यात गणित नाही.

आई बरी आहे. नारळ अजून फोडलेला नाही. तिला सांगितलेलंही नाही.